केरूगण साहेबाच्या मोऱ्या

तपासणीच्या नमुन्यात चौथा रकाना असतो,
बांधणाऱ्याचं नाव.
तिथं आम्ही वर्षानुवर्षं आडवी रेघ मारत आलो,
कारण पुढचं सगळं भरायचं असतं :
कमानी पाच, दगड काळा, सांधे चुन्याचे,
तडा नाही,
झाडोरा : पिंपळ, एक, उपटला.

मे महिन्यात पांझरेत उतरले.
वाळूवाल्यांनी पायाचे दगड पार उघडे पाडलेत.
हातोडीनं एकेक दगड वाजवत गेले,
बाजारात आई मडकं वाजवायची तशी.
खणखणीत. खणखणीत.
तिसऱ्या कमानीत एकच बद्द बोलला.

कठड्यावरून झुलाल पाटकरी ओरडले,
"ओ ताई, पूल पाडतस का काय?"
नाही बाबा, विचारपूस करते.
"मंग केरूगणले इचारा."

केरिगन. नंतर दप्तरात सापडला,
धुळ्याच्या तळघरात, वाळवीनं निम्मा नेलेला.
मूळ मुक्काम आयर्लंड, नेमणूक खानदेश.
पंधरा मोऱ्या, दोन पूल, तिजोरीची एक इमारत,
एक गिरजा, ज्यात पुढं कपाशीच्या गासड्या राहिल्या
(देव काही आला नाही, असं गाव म्हणतं),
एक विहीर. तिच्यासमोर एकच शब्द : कोरडी.
इतकं खरं आमच्यात कोणी लिहीत नाही.

बंधारा त्यानं आधी सरळ बांधला,
कागदावर ओढला तसा, गुण्यात, ओळंब्यात.
झुलालचा कुणी पणजा तेव्हा पाटकरी.
म्हणाला, साहेब, नदी काय कागद वाचस का?
खडकाच्या कलानं घ्या, तिरका.
साहेबानं ऐकलं नाही.
श्रावणात बंधारा गेला.
पुढच्या उन्हाळ्यात पाटकरी काठीनं वाळूत रेघ ओढत पुढं,
आणि मागं साहेब, बूट हातात,
त्या रेघेवर चुन्याची फक्की टाकत.
फडाला पाणी अजून तिथूनच वळतं.
नकाशावर सही एकाचीच आहे.

मग तो दुष्काळ.
वरून हुकूम : खडी फोडा, ढीग करा,
ढीग मोजा, दाणे द्या.
त्यावर त्याचं उत्तर बस्त्यात आहे, डाग पडलेलं :
'आमच्याकडे बटाटा कुजला तेव्हा मी नऊ वर्षांचा.
दाण्यांसाठी आम्ही दगड फोडून एक रस्ता केला.
तो डोंगरावर जाऊन संपतो. तिथं काही नाही.
इथं तसला रस्ता मी करणार नाही.
पुलाला मंजुरी मिळावी.'

मिळाली.

आणि त्याच बस्त्यात, त्याच मागं कललेल्या अक्षरात,
हजेरीपट :
तिमव्वा वडार, माप कमी, अर्धी मजुरी.
यंकप्पा वडार, माप कमी, अर्धी.
भुऱ्या भिल, गैरहजर.
गैरहजरवर काट, दुसऱ्या शाईत : मयत.

दोन्ही कागद मी शेजारी ठेवले.
मग एकावर एक.
मग पंखा बंद केला, कारण दोन्ही उडत होते.

आज तिसऱ्या कमानीत तो बद्द दगड पुन्हा वाजवला,
सांधा नखानं थोडा उकरला.
घाणीत मळलेला चुना. त्यात हिरडा, बेलफळ,
आणि गूळ.
गूळ.
त्या वर्षी.
चुन्याला गूळ, आणि चुना तुडवणारीला अर्धी मजुरी.
बोट चाटलं असेल का तिनं, मुकादमाची पाठ वळल्यावर?
भाजलं असेल जिभेला?
सांध्यातून मुंग्यांची एक ओळ आत जात होती,
दीडशे वर्षांनी, पत्ता विचारत असल्यासारखी.

"लिखं का नाव?" वरून झुलाल.

रकाना दीड इंचाचा.
केरिगन त्यात मावतो, सहज मावतो,
आणि मी 'ति' काढला,
'म' काढला,
तेवढ्यात डोक्यावरून साक्रीकडचा कांद्याचा ट्रक गेला, भरलेला.
कमान हलली नाही.
पेन हललं.